रिकामीला भरलेली म्हणायचं नाही

मी एक जुनी पत्र्याची बादली आहे, मित्रांनो, आणि मला दोन नावं आहेत. पहिलं नाव मला जन्मताच मिळालं. दुसरं मिळालं तेव्हा माझ्या अंगावर बरेच पोचे पडून गेले होते. एकाच वस्तूला दोन नावं कशाला लागतात, याचं मला तेव्हा फार नवल वाटलं. थोडं अजूनही वाटतं.

पत्र्याचं काम करणाऱ्या एका कारागिराने मला घडवलं. पत्रा गोल वळवला, तळ बसवला, सांध्यावर वितळलेल्या कथलाची झाळ दिली आणि दोन कानांत कडी अडकवली. मग पाणी भरून त्याने मला उचलून धरलं आणि खालून कोरडी बोटं फिरवली. बोटं कोरडीच राहिली. "आता जा," एवढंच तो म्हणाला.

मला ज्या बाईंनी नेलं त्या एका चार मजली इमारतीचा जिना धुवायच्या. घरी त्या आणि त्यांची सूनबाई, म्हणून मीही त्यांना सासूबाईच म्हणते. भरलेली मी चढताना त्यांच्या हातात असे. गुडघे कुरकुरायचे त्यांचे आणि कडी कुरकुरायची माझी. पुढे पुढे त्या प्रत्येक मजल्यावर मला खाली ठेवून भिंतीला टेकू लागल्या.

मग एके दिवशी सूनबाई बातमी घेऊन आली. लहान मुलांच्या दवाखान्यात सफाईसाठी बाई हवी होती, आणि तो सगळा दवाखाना तळमजल्यावर होता. एक पायरी नाही. अट मात्र होती. तिथे नाना भाषांची माणसं कामाला होती, त्यामुळे एकमेकांशी साधं इंग्रजी बोलावं लागे. आपल्या कामातली एक वस्तू घेऊन यायचं आणि तिच्याविषयी सांगतील ती वाक्यं म्हणून दाखवायची.

सासूबाई अक्षरंच मुळी सून घरात आल्यावर शिकल्या होत्या. त्या म्हणाल्या, "या वयात इंग्रजी? पोपटाला मिरची दाखवून बोलायला लावतात, तसं?"

"मिरची नाही, बादली दाखवते," सूनबाई म्हणाली आणि तिने मला उचलून मधोमध ठेवलं. "हिला म्हणायचं बकेट."

मित्रांनो, मी वाट बघत राहिले. नवं नाव मिळालं म्हणजे अंगात काहीतरी बदलेल, निदान पाणी हलकं लागेल, असं मला वाटलं होतं. काहीच झालं नाही. पाणी तेवढंच जड होतं.

सासूबाईंना मात्र शब्द फार आवडला. त्या मगाला बकेट म्हणू लागल्या, टबाला बकेट आणि गच्चीवरच्या टाकीलाही बकेट.

"पाणी राहतं ते सगळं बकेटच की," त्या म्हणाल्या.

"मग डॉक्टर म्हणाले तुमच्या गुडघ्यात पाणी झालंय. तीही बकेट का?"

सासूबाई हसल्या, पण मग गंभीर झाल्या. "हे बघ, नुसतं घोकून माझ्या डोक्यात राहणार नाही. मी हातात धरेन आणि मगच बोलेन. आणि जे समोर नाही ते बोलणार नाही."

अशी आमची शिकवणी सुरू झाली. मला नळाखाली ठेवलं की वाक्य यायचं, द बकेट इज अंडर द टॅप. भरले की, द बकेट इज फुल. ओतून दिलं की, द बकेट इज एम्टी. जड म्हणायचं तर आधी उचलायचं. एवढ्यांदा मला कोणी उगाचच भरलं आणि रिकामं केलं नव्हतं. एकच वाक्य अडलं. सूनबाईच्या इंग्रजीच्या पुस्तकात लिहिलं होतं, द बकेट हॅज अ होल. म्हणजे बादलीला भोक आहे.

"म्हणा ना," सूनबाई म्हणाली.

"कुठे आहे भोक?"

"नाही. पण समजा आहे."

"समजू कशी? खिळा आणतेस का?"

माझ्या अंगावर काटा आला. सूनबाईने कपाळावर हात मारून घेतला आणि ते वाक्य सोडून दिलं.

परीक्षेच्या दिवशी त्या मला दवाखान्यात घेऊन गेल्या. खोलीत मोठ्या नर्सबाई बसल्या होत्या. रांगेतल्या कोणी झाडू आणला होता, कोणी फडकं. सासूबाईंनी मला टेबलासमोर ठेवलं.

"माझ्या मागून म्हणा," नर्सबाई म्हणाल्या. "द बकेट इज फुल."

सासूबाईंनी माझ्यात डोकावून पाहिलं. मी कोरडी ठणठणीत होते. "द बकेट इज एम्टी," त्या म्हणाल्या.

"तसं नाही. मी म्हणते तसं म्हणा. फुल."

"नो. एम्टी."

मागची बाई कुजबुजली, "अहो, म्हणून टाका. तुमच्या खिशातलं काय जातंय?" दारात उभ्या असलेल्या सूनबाईचा चेहरा उतरला. सासूबाईंचे गुडघे, चार मजले, सगळं त्या एका शब्दावर टांगलेलं होतं आणि तो शब्द त्यांना येत होता. तरी त्यांनी तो म्हटला नाही. मग त्यांनी मला उचललं आणि चालू लागल्या.

"बरं, पुढच्या या," मागे नर्सबाई म्हणाल्या.

"आई, अहो कुठे निघालात?" सूनबाई धावत आली.

"नळ कुठे आहे ते विचार."

नळ लांबच्या टोकाला होता. मी काठोकाठ भरले. परत येताना सासूबाई एकदाच थांबल्या. खोलीत शिरून त्यांनी मला ठेवलं, श्वास घेतला आणि म्हणाल्या, "द बकेट इज फुल." मग सांडलेलं पाणी दिसलं, तेव्हा मागच्या बाईचं फडकं मागून घेऊन आधी ते पुसलं.

नर्सबाई उठल्या. "पाणी आणायला कोणी सांगितलं होतं?"

"कोणी नाही. रिकामी होती ना."

नर्सबाईंनी माझ्यात डोकावून पाहिलं. मग वाकून त्यांनी माझी कडी धरली आणि मला वीतभर उचललं. "द बकेट इज हेवी," त्या म्हणाल्या. हे वाक्य त्याही आज पहिल्यांदाच शिकल्यासारख्या बोलल्या. "सोमवारपासून या. ही घरी ठेवा, इथे प्लास्टिकच्या आहेत."

असं ते काम मिळालं, आणि माझं संपलं. मोरीतल्या कोपऱ्यात माझ्यात जुनी फडकी कोंबली गेली. मला वाईट वाटलं, पण सासूबाई संध्याकाळी न कण्हता आत येत, ते मला तिथून ऐकू येई. मी आपली विचार करायचे, की बकेट म्हणा की बादली, पण जिच्यात पाणीच नाही ती कोणत्या नावाची?

एकदा नळाला दिवसभर पाणी येणार नव्हतं म्हणून त्यांना माझी आठवण झाली. मला भरलं, आणि फरशीवर एक बारीक ओली रेघ निघाली. कोपऱ्यात पडून पडून पत्रा गंजला होता आणि माझी झाळ सुटली होती.

"टाकून द्या आता," सूनबाई म्हणाली.

सासूबाईंनी मला रिकामं करून खिडकीकडे धरलं. तळातून उजेडाचा एक ठिपका आत आला. त्यांनी त्यावर बोट टेकवलं आणि त्या सावकाश म्हणाल्या, "द बकेट हॅज अ होल."

सूनबाई हसता हसता खालीच बसली. "राहिलेला धडा झाला म्हणायचा."

दुसऱ्या दिवशी सासूबाई मला झाळ द्यायला घेऊन गेल्या. परत आल्यावर त्यांनी पाणी भरलं आणि तळाला कोरडी बोटं लावली. बोटं कोरडीच राहिली. भोकाचं ते वाक्य आता त्यांना म्हणता येत नाही.

मित्रांनो, नवा शब्द शिकलात की ती वस्तू एकदा हातात घेऊन बघा, आणि घरातल्या जुन्या वस्तूला कोपऱ्यात पडून गंजू देऊ नका. शब्द काय आणि बादली काय, आम्ही वापरात असलो म्हणजेच धड राहतो. बाकी मी नळाखाली आहे. दोन्ही नावांनी.