बोर्डावरच्या बाईला कुंकू

जालन्याच्या मस्तगडातल्या रामरावांच्या घरी सकाळच्या भाकरी आणि सिनेमाची चर्चा ही दोन्ही कामं एकाच वेळी चालत. भाकरी थापायची बेबीनंदा आणि चर्चा करायच्या तिच्या थोरल्या जाऊबाई, पुष्पाबाई. रामरावांचं बी-बियाण्याचं दुकान होतं, राजूरकडे वडिलोपार्जित जमीन होती, आणि घरकामाला बेबीनंदा होती. त्यामुळे पुष्पाबाईंना मतं द्यायला भरपूर सवड मिळे. नट्यांना त्या नावानं ओळखत नसत. एक होती 'टपोऱ्या डोळ्यांची', एक 'उंच बाई', एक 'नाचरी'. जणू सगळ्या त्यांच्या नात्यातल्याच सुना होत्या, आणि कोण कुठं चुकतंय ते सांगायची जबाबदारी देवानं पुष्पाबाईंच्याच गळ्यात मारली होती.

"त्या उंच बाईनं आता आईचं काम करावं," त्या चुलीपासून जरा लांब बसून चहा पीत म्हणाल्या. "हिरोच्या मागं पळती तर धाप लागती तिला. आन् ती नाचरी पुढच्या सिनेमात म्हने डाकूची बायको. तिला बंदूक तरी उचलन का?"

"उचलन की," बेबीनंदा भाकरी उलटत म्हणाली. "आडावरून डोक्यावर घागर, काखंत कळशी आनते बाई. बंदूक काय जड?"

पुष्पाबाई खळखळून हसल्या. धाकट्या जावेची अशी उत्तरं त्यांना आवडत. दुपारी ओट्यावर हीच उत्तरं त्या स्वतःची म्हणून सांगत, पण ते सोडून देऊ.

बेबीनंदाचा नवरा वसंता, रामरावांचा धाकटा भाऊ, काविळीनं गेला तेव्हा तिनं विशीसुद्धा ओलांडली नव्हती. वसंता होता तोवर ती त्याच्याबरोबर सिनेमाला जायची. तो गेल्यावर कपाळ पांढरं झालं, साडी फिकी झाली आणि सिनेमा बंद झाला. तसा नियम कुणी केला नव्हता. "लोक काय म्हनतील," एवढं पुष्पाबाई एकदाच म्हणाल्या होत्या, आणि आपल्याकडे तेवढं पुरतं. तेव्हापासून सिनेमा पाहायच्या पुष्पाबाई आणि घरी येऊन त्याची गोष्ट सांगायच्या बेबीनंदाला. रंगवून सांगायच्या, अगदी पडणाऱ्या पावसासकट. याला माया म्हणावं की आणखी काही, हे मला अजून नीट ठरवता आलेलं नाही.

पौषात एके दिवशी टॉकीजचा टांगा भोंगा वाजवत मस्तगडातून गेला. येणाऱ्या सिनेमात टपोऱ्या डोळ्यांची बाई विधवा झाली होती. पुष्पाबाईंनी टांगा थांबवून चित्र निरखलं आणि ओट्यावर जमलेल्या बायकांना तिथंच निकाल ऐकवला.

"पांढरी साडी शोभून दिसती हो तिला. पर सांगून ठेवते, शेवटी तिचं लगीन झालंच पाह्यजे. एवढी कवळी पोर, तिनं काय जन्मभर भिंतीकडं पाहत बसायचं का? लगीन न्हाई लावलं तर तिकिटाचे पैशे वापस मागन मी!"

शेजारच्या उषाबाईंनी मान डोलावली. दाराआड तांदूळ निवडणाऱ्या बेबीनंदाचे हात मात्र थांबले. तिच्या स्वतःच्या लग्नाचा प्रश्न त्याच ओट्यावर अडून पडला होता.

आठवड्यापूर्वी राजूरच्या तुळजाबाई घरी येऊन गेल्या होत्या. त्यांचा मुलगा तातेराव शाळामास्तर होता. त्याची बायको बाळंतपणात गेली होती. वसंताची आणि त्याची ओळख होती, शेतावर येता-जाता त्यानं बेबीनंदाला पाहिलं होतं. तुळजाबाई सरळ बाई. त्यांनी चहा होण्याआधीच विषय काढला.

"तुमची बेबी आमाला द्या."

रामराव गडबडले. "आमच्या घरान्यात पाट लागत न्हाई, मावशी."

पाट म्हणजे विधवेचं दुसरं लग्न. ज्यांच्यात ते लागतं, त्यांच्यातही ते कसं लागतं, तर अंधार पडल्यावर, गावाबाहेर, सवाष्णींच्या नजरेआड, चोरीचा माल हलवावा तसं. आणि ज्या घरांना चार लोकांत मान मिळवायचा असतो ती घरं तेवढंही करत नाहीत. सून घरात कुजवायची आणि तिला घराण्याची अब्रू म्हणायचं. या अब्रूवर मी इतक्या वेळा लिहिलं आहे की आता लिहितानाही कंटाळा येतो. पण ती अब्रू काही कंटाळत नाही.

"पाट कोन म्हनतंय?" तुळजाबाई म्हणाल्या. "लगीन लावू. दिवसाढवळ्या, गनपतीच्या देवळात. मास्तर तयार हाय, मी तयार हाय." मग त्या आतल्या दाराकडे वळल्या. "तुला काय वाटतं, माय?"

वसंता गेल्यापासून हा प्रश्न बेबीनंदाला कुणी विचारला नव्हता. तिला रडू आलं. "मला यायचं हाय," ती म्हणाली. पण आवाज इतका खाली गेला की तो फक्त सासूबाईंना, चांगुणाबाईंना ऐकू गेला. आतल्या खोलीत वाती वळत बसलेल्या चांगुणाबाईंनी वर पाहिलं आणि पुन्हा मान खाली घातली. त्यासुद्धा भर तारुण्यात विधवा झालेल्या. दोन पोरं वाढवता वाढवता त्यांचं बोलणं कधी कमी झालं, ते घरात कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

म्हाताऱ्या बाईला तोंडावर नाही म्हणणं रामरावांना जमेना. "संक्रांत होऊ द्या, मंग सांगतो," म्हणून त्यांनी वेळ मारून नेली. त्यांच्या मुलीची सोयरीक भोकरदनच्या एका मोठ्या घरात चालली होती, खरी अडचण ती होती. पण रामराव बायकोचा शब्द मोडत नाहीत, हे बेबीनंदाला ठाऊक होतं. आणि आता त्याच बायकोनं भर रस्त्यात सांगितलं होतं की कोवळ्या विधवेचं लग्न झालंच पाहिजे. बेबीनंदाला वाटलं, आपलं काम झालं. जाऊबाईंनी एकदा तो सिनेमा पाहू दे, मग विचारू. बिचारीची चूक एवढीच की तिनं पुष्पाबाईंच्या आसवांवर विश्वास ठेवला.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला पुष्पाबाई दरवर्षी काहीतरी लुटत. कधी फण्या, कधी वाट्या. या वर्षी त्यांनी मस्तगडाला थक्क केलं. वाण म्हणून त्यांनी सिनेमाची तिकिटं लुटायची ठरवलं! रामरावांनी टॉकीजवाल्याला सांगून बायकांच्या बाजूची बाकडी राखून ठेवली. विधवेच्या दुःखाचा सिनेमा, तो हळदीकुंकवाचं वाण म्हणून, आणि तोही फक्त सवाष्णींना. यात काही चुकतंय असं त्या अख्ख्या गल्लीत एकीलाही वाटलं नाही. सगळ्या जणी म्हणत होत्या, पुष्पाबाईंचं डोकं म्हणजे डोकं.

त्या दुपारी पुष्पाबाईंच्या काळ्या साडीच्या निऱ्या बेबीनंदानंच बसवून दिल्या.

"नीट पाहून या, जाऊबाई. शेवट मला बराबर सांगा."

"अगं, सगळं सांगन. तू तवर चहाचं आधन अन् तिळगुळाचं पाह्य."

सिनेमात व्हायचं ते झालं. टपोऱ्या डोळ्यांची बाई पांढऱ्या साडीत नदीकाठी बसली आणि मस्तगडच्या बायकांनी पदर डोळ्यांना लावले. सासूनं तिला अंधाऱ्या खोलीत कोंडलं तेव्हा उषाबाई मोठ्यानं म्हणाल्या, "मुडदा बशिवला मेलीचा!" शेवटी डॉक्टर हिरोनं तिचा हात धरला, सासूचं हृदय पालटलं, वाजंत्री वाजली आणि बायकांच्या बाकड्यांवर टाळ्यांचा कडकडाट झाला. पुष्पाबाईंचा हुंदका आवरेना.

बाहेर आल्यावर टॉकीजच्या दारातला मोठा बोर्ड समोर आला. रंगवणाऱ्यानं नटीचं कपाळ कोरं ठेवलं होतं. पुष्पाबाईंच्या हातात करंडा होताच. त्या पुढं गेल्या, टाचा उंचावल्या आणि त्यांनी बोर्डावरच्या बाईच्या कपाळाला कुंकू लावलं. "झालं गं बाई तुझं लगीन!" मग उषाबाईंनी लावलं. मग बाकीच्या जणींनीही रांग लावली. रस्त्यावरचे लोक थांबून पाहत होते. कुणी हसलं नाही. उलट एकानं हात जोडले.

घरी आल्या तेव्हा सगळ्यांचे डोळे लाल होते आणि सगळ्या खुशीत होत्या. बैठकीत सतरंजीवर करंडे, ओटीची ताटं, तिळगुळाचे डबे मांडले होते. बेबीनंदा चहा घेऊन आली. ती वाकली तशी उषाबाईंनी आपला करंडा हळूच बाजूला ओढला, पदर लागू नये म्हणून. हातानं तो सवयीनं ओढला, डोळ्यांत अजून पाणी होतं.

"जाऊबाई, झालं का लगीन तिचं?"

"झालं की! काय थाटात झालं!" पुष्पाबाईंनी सगळं सांगितलं. बोर्डाचंही सांगितलं. "आमी समद्यांनी कुंकू लावलं तिला. लोक पाहून राह्यले व्हते."

"लय चांगलं केलं," बेबीनंदा म्हणाली. तिनं किटली खाली ठेवली. "मंग तुळजाबाईंला काय निरोप देऊ?"

कुणाची तरी कपबशी वाजली.

"बेबी, ही वेळ हाय का?" पुष्पाबाई हळू आवाजात म्हणाल्या. "ते सिनेमातलं हाय. आपल्या घरान्यात..."

"ती बाई लाकडावर रंगवलेली हाय, जाऊबाई. तिच्या कपाळाला तुमी टाचा वर करून कुंकू लावलं. मी रोज तुमच्यासमोर बसून भाकरी करून राह्यले. माझं कपाळ तुमाला दिसलं न्हाई का?"

"तिची गोष्ट निराळी," उषाबाई पुटपुटल्या. "ती कवळी व्हती."

"मंग मी कोन हाय, म्हातारी हाय का?"

पुष्पाबाईंना पुन्हा रडू आलं. या बाईला रडू फार लवकर येतं, आणि दर वेळी खरं येतं, हीच तर पंचाईत आहे. "माझ्या पोरीची सोयरीक मोडन गं. लोक इचारतील. पर मी तुझी वैरीन न्हाई." त्यांनी डोळे पुसले. "असं करू. अवसंला रातच्यानं मळ्यात लावून टाकू. कोनाला बिलकुल कळनार न्हाई. फक्त मंग या घरी पाय ठेवू नको, आन् आमचं नाव सांगू नको."

बेबीनंदानं जावेकडे पाहिलं. तिला राग यायला हवा होता, पण तिला थकवा आला. इतकी वर्षं ऐकलेल्या सगळ्या गोष्टी एकदम अंगावर आल्यासारखा तो थकवा होता.

"मी काय चोरी केली का?" ती म्हणाली. "अंधारात न्हाई जानार. जायचं तर उजेडी जाईन. समद्यांदेखत जाईन."

"आन् आमी न्हाई म्हनलं तर?"

"तरी जाईन."

तेवढ्यात आतल्या खोलीचं दार कुरकुरलं. चांगुणाबाई उंबऱ्यात येऊन उभ्या राहिल्या होत्या. हळदीकुंकवाच्या दिवशी त्या कधी बाहेर येत नसत. सवाष्णींनी चपापून पदर सावरले.

"जाऊ दे तिला," चांगुणाबाई म्हणाल्या.

"आत्या, तुमी कामून मधी..."

"मला कोनी इचारलंच न्हाई, पुष्पे. तवा इचारलं असतं ना, तर मी बी गेले असते."

दुकानातून नुकतेच आलेले रामराव दारात उभे होते. आईचं बोलणं त्यांनी ऐकलं. आयुष्यभर ते सांगत आले होते की आमच्या आईनं घराण्यासाठी जन्म वाहिला. चपला पायात होत्या तशा ते परत दुकानाकडे निघून गेले.

बेबीनंदा दुसऱ्या दिवशी सकाळी, गल्ली जागी असताना, पिशवी घेऊन राजूरच्या गाडीला गेली. तिला कुणी अडवलं नाही आणि पोचवायलाही कुणी आलं नाही. तो सिनेमा जालन्यात आणखी बरेच दिवस चालला. बायका येत होत्या, रडत होत्या, जाताना बोर्डाला कुंकू लावत होत्या. टॉकीजवाल्यानं शेवटी तिथं एक कुंकवाची वाटीच ठेवून दिली म्हणे. आपल्या समाजात आसवं कधीच कमी नव्हती. त्यांना घरचा रस्ता तेवढा सापडत नाही. वाचणाऱ्या बहिणींनो, ही गोष्ट वाचून तुमचेही डोळे भरले असतील तर कृपा करून ते पुसू नका. तसेच उठा आणि आपल्या आतल्या खोलीत कोण बसलं आहे ते बघून या.

लग्न राजूरच्या गणपतीसमोर झालं, सकाळच्या लख्ख उन्हात. मस्तगडाहून कुणी आलं नाही. चांगुणाबाईंना रामरावांनी येऊ दिलं नाही. बेबीनंदाचे वडील कडूबा जांब समर्थकडे राहत. धाकट्या मुलीचं लग्न व्हायचं आहे, आम्हाला येता येणार नाही, असा त्यांनी निरोप धाडला. तातेराव मास्तरांच्या बाजूला तुळजाबाई, शाळेतले दोघं-तिघं आणि गावातली काही माणसं होती. समोरच्या बाजूला नुसती फरशी होती.

गुरुजींनी पूजेचं ताट पुढं ओढलं आणि इकडंतिकडं पाहिलं.

"मुलीकडचं कोण आहे?"

"मी हाय," बेबीनंदा म्हणाली.

गुरुजींना वाटलं, पोरीला प्रश्न कळला नाही. "तसं नव्हे गं बाई. तुझ्या बाजूनं उभं राहणारं कोण आहे, असं विचारतोय मी."

"तेच सांगून राह्यले," ती म्हणाली. "मी हाय."