काचेवरचा फोटो

"आपण फोटो काढणारे. बघायचं सगळं, बोलायचं काही नाही. बोलायचं काम वरच्यांचं."

हा आवाज त्याच्या गुरूचा. सव्वीस वर्षांपूर्वी, एक्स-रेच्या अंधाऱ्या खोलीत ओल्या फिल्मा वाळत घालताना म्हातारा हे सांगायचा आणि ओठांवरून बोट असं फिरवायचा, जणू टाका घालतोय. म्हातारा गेला, अंधारी खोली गेली, ओल्या फिल्मा गेल्या. आवाज तेवढा मागे राहिला.

आज सकाळीही तो होताच. काचेपलीकडे एमआरआयच्या बोगद्यात आठ वर्षांची मुलगी निजली होती आणि अलीकडे पडद्यावर तिचा पाठीचा कणा मण्यामण्यानं खाली उतरत होता. मानेशी, मज्जारज्जूच्या राखाडी दोरीवर, एक पांढुरका ठिपका होता. कणीएवढा. त्याने तो पाहिला. पुन्हा पाहिला. चेहऱ्यावरची रेघ हलली नाही.

"तुमच्या तोंडाकडं बघून कुणाला काही कळायचं नाही," बाजूला उभ्या सिस्टर म्हणाल्या. "भिंतीला तरी ओल येते."

मुलगी झोपाळ्यावरून पडली होती, एवढंच खरं तर झालं होतं. कपाळाला टेंगूळ आलं, दोन उलट्या झाल्या, म्हणून मागच्या आठवड्यात डोक्याचा फोटो काढला. रक्तस्राव नव्हता, हाड शाबूत होतं. पण ज्याचा शोधच नव्हता ते सापडलं. मेंदूत पाच पांढरे डाग. टेंगूळ चार दिवसांत बसलं, मुलगी पुन्हा झोपाळ्यावर चढली, आणि डाग मोठ्या माणसांच्या उरावर येऊन बसले.

स्पीकरमधून बारीक आवाज आला, "फोटोवाले काका, संपलं?"

त्याने बटण दाबलं आणि मुलांसाठी स्वतःच जुळवलेल्या दोन ओळी नेहमीच्या चालीवर म्हटल्या:

"पडून राहा राणी, मोजत राहा ठोके,
बघू दे गं आतून कसे तुझे डोके."

आत हसू फुटलं. "हलायचं नाही," तो म्हणाला. "हललं नाही तर लवकर संपतं."

तपासणी झाल्यावर तोच तिला मेंदूच्या डॉक्टरांच्या, म्हणजे मॅडमच्या खोलीत घेऊन गेला. मुलगी पुढे उड्या मारत, फरशीच्या फक्त काळ्या चौकोनांवर पाय टाकत. मॅडमनी संगणकावर मानेचे फोटो उघडले, ठिपका मोठा करून पाहिला आणि मग आईबापांकडे वळल्या. आजार झालाय असं मी म्हणत नाही, त्या म्हणाल्या. नसांवर आवरण असतं, विजेच्या वायरीवर असतं तसं. ते जागोजागी सोललं की असे डाग दिसतात. मल्टिपल स्क्लेरोसिस म्हणतात तो आजार असा सुरू होऊ शकतो. काही मुलांचे डाग जन्मभर मुके राहतात. काहींचे पुढे बोलायला लागतात, डोळ्यांतून, पायांतून. आपली मुलगी कुठल्या वाटेवर आहे याचा अंदाज यायला पाठीतलं पाणी काढून तपासायला हवं.

आई ऐकून घेणारी नव्हती. "तुमच्यासमोर नाचत आली ती. अन् तुम्ही तिच्या पाठीत सुई घालणार. कशासाठी? उद्या आजारी पडेल म्हणून आजच?"

मॅडम रागावल्या नाहीत. हा प्रश्न त्यांनी पुष्कळदा ऐकला असावा. त्यांनी टेबलावरच्या औषधाच्या बाटलीचं लाल झाकण उचललं, मुलीला एक डोळा झाकायला लावलं, मग दुसरा. दोन्ही डोळ्यांना सारखंच लाल दिसतं का विचारलं. डोळ्याची नस दुखावली, तर आधी लाल रंग विटतो, त्या आईला म्हणाल्या.

"सारखंच की," मुलगी म्हणाली. "झाकण एकच आहे ना."

खोलीत पहिल्यांदाच कुणीतरी हसलं. दारात उभ्या त्याला मात्र जागचं हलता येईना.

कारण सकाळी त्याची बायको डबा भरताना हसत हसत काहीतरी सांगत होती. ती घरी शिवणकाम करायची. काल लेकीला, खारूला, तिनं लाल दोऱ्याचं रीळ काढून द्यायला सांगितलं होतं. डोळ्यात कचरा गेला म्हणून खारू एक डोळा चोळत होती. एका डोळ्यानंच तिनं रीळ शोधलं आणि म्हणाली, "आई, लाल कुठंय? हा तर धुऊन धुऊन फिका झालेला." बायको म्हणाली होती, कामाचा कंटाळा, दुसरं काय, तुमच्यावर गेली आहे. तोही हसला होता आणि डबा घेऊन निघाला होता.

खारू बारा वर्षांची. लग्नानंतर नवस-सायास, दवाखाने सगळं थकल्यावर झालेली. झाडावर चढायची, छताची तुळई धरून लोंबकळायची, म्हणून खारू.

आठ महिन्यांपूर्वी हे नवं मशीन आलं. नव्या मशीनमध्ये आधी घरची माणसं निजवायची, ही त्यांच्या विभागाची जुनी रीत. रुग्णांवर चालवण्याआधी हात बसायला हवा, आणि फुकटात डोकं तपासून मिळतं म्हणून सगळेच हौसेनं यायचे. सिस्टरांचा नवरा येऊन गेला, शिपायाची सासू येऊन गेली. मुलांसाठीची मापं बसवायला एक लहान डोकं हवं होतं. त्याने खारूला आणलं. तिच्यासाठीही त्या दोन ओळी म्हटल्या. ती दगडासारखी निश्चल पडून राहिली.

आणि पडद्यावर तीन डाग उमटले.

चाचणीचे फोटो कुणी डॉक्टर वाचत नाही. त्यावर नाव नसतं, अहवाल नसतो. मशीनमध्ये नोंद फक्त 'चाचणी, क्रमांक तीन'. ते तीन डाग या जगात एकट्या त्याने पाहिले होते. बाहेर आल्यावर खारूनं हट्ट धरला, माझ्या मेंदूचा फोटो मला पाहिजे. त्याने एकशे शहात्तर फोटोंमधून एक निवडला, डाग नसलेला, आणि फिल्मवर छापून दिला. तिनं तो खिडकीच्या काचेला चिकटवला. सकाळी उजेड आला की मेंदू उजळायचा. मैत्रिणींना दाखवायची, बघा, माझ्याकडे पुराव्यानिशी आहे.

तो बोलला नाही. पहिल्या आठवड्यात वाटलं, आपण डॉक्टर थोडेच. दुसऱ्या महिन्यात वाटलं, पळतेय, खातेय, कशाला तिच्या खेळण्यात माती कालवायची. नंतर नंतर तर डागांबद्दल बोलणं सोपं वाटावं इतकं, इतके दिवस का बोललो नाही हे सांगणं अवघड झालं. पुसून टाकायला मात्र हात धजला नाही. त्याने फोटोंची एक डिस्क करून दवाखान्यातल्या आपल्या कपाटात ठेवली, जादा शर्टाच्या घडीखाली.

बाहेर व्हरांड्यात मुलीच्या बापानं त्याला गाठलं. बाप बस चालवायचा, ड्युटीच्या कपड्यांतच आला होता. मॅडमचं सगळं कळलं, तो म्हणाला, पण सही करायला हात उठत नाही.

"दादा, तुम्ही रोज हेच बघता. तुम्हाला मुलं आहेत?"

"एक मुलगी."

"तिच्या डोक्यात असं निघालं असतं, तर तुम्ही केली असती का हो ही तपासणी?"

गुरूचं बोट ओठांवरून फिरलं. "मॅडमना विचारा," तो म्हणाला. "मी फक्त फोटो काढतो."

बापानं मान हलवली. "बरोबर आहे. तुम्हाला कशाला अडचणीत टाकू." आणि उलट त्याच्याच खांद्यावर हात ठेवून आत गेला. सही केली.

दुपारी सिस्टरांच्या मदतीला माणूस कमी पडला. त्यांनी त्यालाच बोलावलं, जरा पाय धरा, तुमच्याशी गट्टी आहे तिची. मुलीला कुशीवर वळवून गुडघे पोटाशी घेतले होते, हनुवटी छातीशी. मधमाशी चावल्यासारखं होईल, मॅडम म्हणाल्या. सुई आत गेली. मुलीचं सगळं अंग ताठ झालं, डोळ्यांतून पाणी वाहू लागलं, पण ती हलली नाही.

"काका," ती कण्हत म्हणाली, "हललं नाही तर लवकर संपतं ना?"

तिची पावलं त्याच्या हातांत होती. थंड, घामेजलेली. टाचेला झोपाळ्याखालची माती अजून चिकटलेली. पाठीतून थेंब उतरत होते, नळीत साठत होते. स्वच्छ, निर्मळ, कुठल्याही पाण्यासारखं पाणी. त्यात काय लिहिलंय ते डोळ्यांना दिसत नव्हतं. काही दिवसांनी कळणार होतं. पण कळणार तरी होतं. तिच्यासाठी कुणीतरी विचारलं तरी होतं.

ड्युटी सुटल्यावर त्याने कपाट उघडलं, शर्ट बाजूला केला आणि डिस्क पिशवीत टाकली.

घरी बायको शिवणाच्या मशीनवर बसली होती. खारू खिडकीशी गृहपाठ करत होती. मावळतीचा उजेड फिल्ममधून येत होता. तो निवडलेला मेंदू, नितळ, कुठं म्हणून डाग नाही. चपला काढायच्या आधीच त्याने बायकोच्या पुढ्यातलं लाल रीळ उचललं.

"अहो, दोरा तुटेल," ती म्हणाली. तो खारूसमोर बसला.

"उजवा डोळा झाक."

"का?"

"झाक ना. काय दिसतं?"

खारूनं रीळ न्याहाळलं. "विटका. गुलाबीही नाही धड."

"आता डावा झाक."

ती थबकली. हात काढला, पुन्हा ठेवला. "बाबा, रीळ बदललं का तुम्ही? हे लाल आहे."

मशीनवरचा पाय थांबला. चाक एक गिरकी घेऊन आपोआप थांबलं. बायको बघत राहिली, आधी रिळाकडे, मग त्याच्या चेहऱ्याकडे, आणि त्या भिंतीला ओल आलेली तिला दिसली.

"जादू आहे का ही?" खारूनं विचारलं. डोळ्यावरचा हात तिनं अजून काढला नव्हता.

"नाही गं बाळा." त्याने पिशवीतून डिस्क काढली आणि कापडाच्या तुकड्यांवर, बायकोच्या समोर ठेवली. त्याने ओठांवरून हात फिरवला, टाका उसवावा तसा.

"काचेवरचा तो फोटो मी निवडून दिला होता," तो म्हणाला. "बाकीच्यांत डाग आहेत. तीन. आठ महिने झाले, मला माहीत आहे."