चिमाच्या बोटांतला निरोप्या

मी एक जुना निरोप्या आहे, प्रत्येक माणसाच्या रक्तातला. जुना म्हणतो खरा, पण मित्रांनो, माझं एकेक आयुष्य अर्ध्या तासाचंही नसतं. एक मी विरतो तोवर दुसरा मी तयार. मी एक प्रथिन आहे. डॉक्टर मला टीएनएफ म्हणतात.

शरीरात जंतू शिरला की पांढऱ्या पेशी मला घडवतात आणि पिटाळतात. मी रक्तवाहिन्यांना सांगतो, वाट मोकळी करा, कुमक येऊ द्या. मग ती जागा लाल होते, तापते, सुजते, ठणकते. लोक सुजेला शिव्या घालतात आणि जखम भरली की मलमाचं कौतुक करतात.

लांज्याच्या एका काजू कारखान्यात चिमा बिया फोडायला बसायची. पंधरा वर्षं तिने अख्खे गर काढले. एकदा अंगठ्याला पातं लागलं, तेव्हा मीच धावलो होतो. चार दिवसांत अंगठा बरा झाला.

तीन वर्षांपूर्वी मात्र त्या पेशींना काय अवदसा आठवली कोण जाणे! चिमाच्याच सांध्यांना त्या शत्रू समजू लागल्या. मला रोज तिकडे पाठवू लागल्या आणि मी मूर्खासारखा जात राहिलो. निरोप खोटा आहे हे मला कळणार कसं?

दोन्ही हातांची बोटं सुजली. सकाळी तासभर मूठ वळेना, लेकीची, ईशाची वेणी घालता येईना. कारखान्यात टरफलाच्या चिकाने सगळ्याच बायकांचे हात पोळतात आणि सगळ्या त्यावर कोकमतेल चोळतात. चिमानेही तेच केलं. दोन वर्षं! आत मी सांधे पोखरून बोटं वाकवत होतो आणि वरून तेल. कामावरून उठवतील म्हणून ती गप्पही बसली.

शेवटी ईशानेच तिला रत्नागिरीला नेलं. डॉक्टर ऋजुताबाईंनी एकेक बोट दाबून पाहिलं. म्हणाल्या, चिकाने कातडी जळते, सांधे असे सुजत नाहीत, हा संधिवात आहे.

"बोटं सरळ होतील ना ओ?" चिमाने विचारलं.

"वाकलेली नाही होणार. उरलेली वाचवू."

आता तिला इंजेक्शन देतात, ते मला वाटेतच धरतं. उद्या खरा जंतू आला तरी मी अडकलेलाच असेन. असू दे. पण दोन वर्षं आधी धरलं असतंत तर काय बिघडलं असतं? मित्रांनो, घरात कुणाची बोटं रोज सकाळी अशी आखडत असतील, तर तेल शोधत बसू नका. दवाखान्यात न्या.

चिमा आता त्याच कारखान्यात गर निवडते. परवा शेजारच्या नम्रताची बोटं सुजलेली तिला दिसली. नम्रताने कोकमतेलाची वाटी ओढली, तशी चिमाने आपल्या वाकड्या बोटांनी ती बाजूला सारली. आधी डॉक्टरला दाखव म्हणाली.

"काय नाय गो ताय, चीक लागलाय," नम्रता हसली आणि तेल चोळू लागली.

तिच्या रक्तातला मी तिच्या सांध्यात पोचलोय, मित्रांनो.