स्कार्वोय बेटावरचं एकुलतं एक 'नाही'

१९०५च्या त्या ऑगस्टमध्ये सगळ्या नॉर्वेनं स्वीडनशी काडीमोड घेतला आणि आमच्या स्कार्वोय बेटावर मात्र माझं लग्न मोडायला निघालं.

नव्वद वर्षं आम्ही स्वीडनच्या राजाखाली होतो; जूनमध्येच आमच्या संसदेनं फारकत जाहीर करून टाकली होती. तिकडून स्वीडिश म्हणाले, अहो, तुमच्या लोकांना तरी विचारलंत का? म्हणून मतदान. प्रश्न असा की, झालेली फारकत तुम्हाला मान्य आहे का? चिठ्ठीवर 'हो' किंवा 'नाही' लिहायचं आणि पेटीत टाकायचं. आम्हा बायकांना मत नव्हतंच. जणू आम्ही स्वीडनच्याही नव्हतो आणि नॉर्वेच्याही नव्हतो! त्याचा मला इतका राग आला की मी दारोदार फिरून बायकांच्या सह्या गोळा केल्या. निदान कुणीतरी आमचंही म्हणणं ऐकावं.

माझे वडील मोन्स म्हणजे बेटावरचे सगळ्यात कडवे देशभक्त. हेरिंग मासळीची बोट चालवायचे आणि आवाज असा की समोरच्या बेटावरच्या मेंढ्या दचकायच्या. जुन्या झेंड्याच्या कोपऱ्यात दोन्ही देशांचे रंग मिसळलेली एक खूण असे, तिला आम्ही हेरिंगची कोशिंबीर म्हणायचो. ती त्यांनी आईच्या शिवणाच्या कात्रीनं कापून काढली होती. आई असती तर तिनं कात्रीची धार घालवली म्हणून त्यांना फैलावर घेतलं असतं, पण तिला जाऊन बरीच वर्षं झाली होती.

मतदान रविवारी प्रार्थनेनंतर चर्चमध्येच झालं. वडील छाती फुगवून आत गेले आणि डोळे पुसत बाहेर आले. संध्याकाळी पाद्रीबाबांनी निकाल वाचला. सगळे 'हो'. आणि एक 'नाही'.

चर्चच्या टेकडीवर जमलेल्या सगळ्यांच्या माना हळूहळू एकाच दिशेला वळल्या, आयलर्टकडे.

आयलर्ट म्हणजे माझा होणारा नवरा. तो होड्या बांधायचा, हाताला डांबराचा वास आणि तोंडात मोजके शब्द. पण त्याची आई करोलिना स्वीडनची होती, म्हणजे झालंच. दुकानवाल्या गुरीनेनं दुसऱ्या दिवशी सकाळी कॉफीची पुडी बांधता बांधता निकाल लावून टाकला. "रक्त कुठं जाणार, बाई?"

आठवड्याभरात आयलर्टकडं सांगून ठेवलेल्या दोन होड्या रद्द झाल्या. करोलिना दुकानात शिरली की बायकांना अचानक घरची कामं आठवायची. आणि आमच्या घरी वडिलांनी टेबलावर मूठ आपटली.

"त्या गद्दाराशी माझी मुलगी लग्न करणार नाही! झेंड्यासमोर सांगतो!"

"पण बाबा, त्यानंच लिहिलं कशावरून?"

"मग कुणी लिहिलं? पाद्र्यानं? माझ्या गाईनं?"

मी तडक आयलर्टच्या शेडवर गेले. तो फळी तासत होता.

"खरं सांग, काय लिहिलंस तू?"

"नाही सांगणार."

"नाही सांगणार म्हणजे? मला पण नाही?"

"टोरबोर्ग, मत गुप्त असतं. देश मोकळा झाला म्हणून नाचतायत सगळे, आणि पहिलं काम काय, तर मी माझी चिठ्ठी चारचौघांत उघडून दाखवायची? उद्या दुसऱ्याला विचारतील."

"अरे, इथं माझं लग्न मोडतंय!"

"माझंपण तेच मोडतंय," तो म्हणाला आणि रंधा चालवायला लागला. असा संताप आला की तो रंधाच त्याच्या डोक्यात घालावा असं वाटलं. घरी येताना मात्र रडू आवरेना. माणूस हट्टी होता, आणि मला हवा होता तो तसाच.

पुढच्या शनिवारी सकाळी आम्ही दोघं बापलेक लापशी खात होतो. मी तोंड फुगवलेलं, वडील खुशीत. मतदानाची आठवण निघाली की त्यांना दुसरं काही सुचायचं नाही.

"पोरी, तुला सांगतो, आयुष्यभर त्या क्षणाची वाट पाहिली होती मी. पेन्सिल अशी दाबली की टोकच मोडलं."

"एवढं काय दाबायचं? एकच अक्षर तर लिहायचं."

"एक कुठलं? दोन! आणि केवढी! एवढी मोठी लिहिली. नाही!"

माझा चमचा वाटीतच राहिला.

"काय लिहिलंत?"

"नाही! स्वीडन नको, त्यांचा राजा नको, काहीच नको. नाही म्हणजे नाही!"

"बाबा, प्रश्न वाचलात का तुम्ही?"

"प्रश्न कशाला वाचायचा? माझं उत्तर लहानपणापासून तयार आहे!"

"बाबा," मी म्हणाले, "प्रश्न होता, फारकत मान्य आहे का."

ते माझ्याकडे बघत राहिले. ओठ हलले. प्रश्न मनात पुन्हा पुन्हा म्हणून पाहत असावेत, दरवेळी काहीतरी वेगळं निघेल या आशेनं. मग त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. मला आधी हसू फुटलं, आणि त्यांच्याकडे पाहून ते घशातच विरलं. उभ्या आयुष्यात वडिलांना इतकं लहान झालेलं मी पाहिलं नव्हतं. ते उठले आणि जाळ्यांच्या खोपटात जाऊन बसले.

मी धावत आयलर्टकडे गेले. वाटलं, आता हा आनंदानं उडी मारेल. तो तर फळीवरच बसला.

"कुणाला बोलू नकोस," तो म्हणाला. "म्हातारा लाजेनं मरेल."

"आणि आपलं काय?"

"बघू."

"बघू म्हणे! तू बस बघत!"

पण वडिलांशी जाऊन बोलायची माझीही हिंमत झाली नाही. त्यांनी चारचौघांत कबुली देऊन अब्रू घालवली तरच माझं लग्न होणार होतं, आणि ते मागायला माझी जीभ रेटेना.

मागावं लागलं नाही. रविवारी प्रार्थना सुटली, टेकडीवर नेहमीसारखी दवंडी झाली. कुणाची मेंढी हरवलेली, कुठं लिलाव आहे, असलं सगळं. ते संपलं तसे वडील दवंडीच्या दगडावर चढले. टोपी हातात, गळ्याशी गुंडी लावलेली.

"लोकहो, ते 'नाही' माझं होतं. प्रश्न न वाचता लिहिलं. आयलर्टचा काही संबंध नाही. गाढव मी आहे."

गुरीनेनं एप्रनचं टोक डोळ्यांना लावलं. "मुलीसाठी बाप काय काय करतो, बघा!"

"अहो, खरंच मी लिहिलं!"

"मोन्स, पुरे रे," शेजारचा सिव्हर्ट गहिवरून म्हणाला. "तुझ्यासारखा माणूस असं लिहील? एवढं मोठं मन! मुलीसाठी नाव काळं करून घेतोय!" कुणीतरी टाळ्या वाजवल्या. जसजसे वडील ओरडत गेले, तसतसे लोक जास्तच हेलावत गेले. एक जण आयलर्टला म्हणाला, "पोरा, तुझं पाप सासऱ्यानं धुतलं. येतो उद्या होडीचं बोलायला." आयलर्टनं नुसती मान हलवली. मी कपाळावर हात मारला. माझं लग्न वाचलं होतं, आणि दगडावर माझा बाप रडवेला होऊन उभा होता. जन्मातलं सगळ्यात अवघड खरं तो बोलला होता आणि ते कुणी घ्यायलाच तयार नव्हतं.

तेव्हा गर्दीतून करोलिना पुढं आली. वडील कधी तिच्याशी चार शब्दसुद्धा बोलले नव्हते. ती दगडापाशी उभी राहिली.

"मोन्स, माझा विश्वास आहे तुमच्यावर."

"आहे?"

"पूर्ण. इतका घाईचा मूर्खपणा या बेटावर तुमच्याशिवाय कुणाला जमणार?"

वडिलांनी तिच्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता आभाळ कोसळतं. पण ते हसायला लागले, आणि हसता हसता रडायला लागले. खाली उतरताना तिनं हात दिला, तो त्यांनी धरला.

"कॉफीला चला," ते म्हणाले. "तुम्हाला पहिल्यापासून सांगतो, कसं झालं ते."

ते दोघं टेकडी उतरायला लागले. वडील हातवारे करून पेन्सिलचं टोक कसं मोडलं ते सांगत होते, आणि करोलिना एकेक शब्द खरा मानून ऐकत होती. आमच्या दारापर्यंत त्यांनी तिचा हात सोडला नाही.