सात वेढ्यांची कॉइल

माझे यजमान चिंतामण चंद्रात्रे यांनी पस्तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं आणि एक्केचाळीस वर्षं सिगरेट ओढली. शाळेतून ते निवृत्त झाले, सिगरेटमधून होईनात. नाशिकमध्ये पुष्कळ लोक त्यांना चंद्रात्रे सर म्हणून ओळखतात, म्हणून मीही इथे सरच म्हणते. घरात काय म्हणते ते राहू द्या.

२०१८च्या पावसाळ्यात त्यांना दम लागायला लागला. दुसऱ्या मजल्यावरच्या आमच्या घरी येताना पहिल्या मजल्याच्या कठड्याला धरून ते उभे राहायचे आणि कोणी दिसलं की मोबाइल बघितल्यासारखं करायचे. डॉक्टरांनी एका यंत्रात जोरात फुंकायला लावलं. निघालेला कागद त्यांनी दोनदा वाचला आणि म्हणाले, "सर, फुप्फुसाचं जे गेलं ते परत येणार नाही. उरलंय ते राखता येईल. पण सिगरेट बंद करायची."

सरांनी प्रयत्न केला नाही असं मी म्हणणार नाही. औषधी च्युइंगम झालं, लवंग झाली, वेलदोडे झाले. दहा-बारा दिवस जायचे, मग शर्टाला वास यायचा. मी विचारलं की खरं सांगायचे. खोटं बोलले असते तर भांडता तरी आलं असतं.

त्या दिवाळीला आमचा मुलगा शौनक मँचेस्टरहून आला. त्याने बाबांसाठी एक व्हेप आणलं होतं. तळहाताएवढं यंत्र, वर काचेची छोटी टाकी, त्यात निकोटिनचं द्रावण. आत तारेची कॉइल तापते, कापसात मुरलेल्या द्रावणाची वाफ होते आणि ती ओढायची.

मी म्हटलं, "एक भूत उतरवायला दुसरं आणलंस होय?"

"आई, हे चांगलं आहे असं मी म्हणतच नाही," शौनक म्हणाला. "पण यात तंबाखू जळत नाही. आणि निकोटिन पायरीपायरीने उतरवता येतं. बारा मिलिग्रॅम, सहा, तीन, मग शून्य."

डॉक्टरांना विचारलं, तर ते म्हणाले, "दोन्ही सुटलं तर उत्तम. याचे पुढचे परिणाम आम्हालाही नीट ठाऊक नाहीत. पण हे घेत असाल तर सिगरेट एकही नाही. आणि याचाही शेवट ठरवून ठेवा."

सरांनी कॅलेंडरवर शेवट ठरवून ठेवला: पुढची दिवाळी. आणि खरोखरच सिगरेट थांबली. डिसेंबर गेला, जानेवारी गेला.

अडचण कॉइलची झाली. दोन आठवड्यांत कॉइल करपते आणि जळका वास यायला लागतो. शौनकने दिलेल्या तयार कॉइल मार्चमध्ये संपल्या. पण त्याने एक वेगळी टाकीही ठेवली होती, स्वतः बनवलेली कॉइल बसवायची. सोबत तारेचं रीळ. फोनवर तो म्हणाला, "बाबा, स्वतःच बनवा. तुमच्या ओहमच्या नियमाचंच तर काम आहे."

"मला शिकवतोस?" सर म्हणाले आणि जेवणाच्या टेबलावर बसले. कागदावर गणित मांडलं: तारेची जाडी, लांबी, किती ओहम. गणित बरोबर आलं. कॉइल मात्र येईना. तार बोटातून उसळायची, एक वेढा दाटीचा तर दुसरा मोकळा, आणि त्यांची बोटं तेव्हा थरथरायची. बसवली की यंत्र पडद्यावर शॉर्ट दाखवायचं. अकरा कॉइल फुकट गेल्या. बाराव्या वेळी तार मोडली, तेव्हा ते उठले, पायात चपला घातल्या.

"जरा पाय मोकळे करून येतो."

ते पाय कुठल्या टपरीवर मोकळे होणार ते मला माहीत होतं. मी म्हटलं, "थांबा. हे सगळं सामान एका डब्यात भरून घ्या बरोबर. आपल्या मिक्सरची मोटर ज्याने भरून दिली, तो माणूस केसासारखी तार गुंडाळतो. त्याला विचारू." आणि मी ॲक्टिव्हाची किल्ली घेतली.

दुकान पेठ नाक्यापाशी. मोटर रिवाइंडिंगचं, म्हणजे जळलेल्या मोटरींत नवी तार भरायचं. बाहेर शेतावरचे पंप ओळीने पडलेले, आत वार्निशचा वास. मालक चाळिशीचा, दाढीत थोडं पांढरं. मिक्सरच्या वेळी मी एकटीच आले होते. आज सरांना बघून तो स्टुलावरून उठलाच आणि वाकून नमस्कार केला.

"सर, वळखलं नाय ना? वाल्मीक. दहावी ब. मागचा बाक."

सरांनी चष्मा वर केला. आठवलं नाही ते तोंडावर दिसत होतं.

"प्रिलिमला सायन्समधी एकतीस," वाल्मीक म्हणाला. "तुम्हीच दिलते. मग शाळा सोडली आन् मामाच्या दुकानात बसलो."

सरांनी डबा काउंटरवर ठेवला आणि झाकण उघडलंच नाही. मीच सगळं सांगितलं. सिगरेट, दम, शौनक, अकरा कॉइल. वाल्मीकने तार हातात घेतली, नखाने वाकवली.

"ही तांब्याची नाय. शेगडीच्या कॉइलची जात हाय. ही रागीट असते, उसळती. आधी ताणून तिचा राग काढायचा." त्याने तारेचं एक टोक टेबलावरच्या शिकंज्यात धरलं, दुसरं पक्कडीत, आणि सावकाश ओढलं. तार सुतासारखी सरळ झाली. मग त्याने तीन मिलिमीटरचं ड्रिलचं पातं घेतलं आणि त्याच्या गुळगुळीत दांड्यावर सात वेढे घातले. एकाला एक चिकटून. मी श्वास घेतला असेल तेवढाच वेळ.

"आता तुम्ही."

सरांनी घातले. चौथा वेढा सुटला.

"बोटांनी नाय सर. बोटं फक्त तार धरतील. फिरवायचं मनगट, आन् तार नाय फिरवायची, पातं फिरवायचं."

"असं का?"

"का ते तुम्ही सांगा. कसं ते मी सांगतो."

सर हसले. बऱ्याच दिवसांनी. पाचव्यांदा की सहाव्यांदा त्यांची कॉइल जमली. वाल्मीकच्याइतकी देखणी नव्हती, पण सातही वेढे एका रांगेत होते. वाल्मीकने मीटर लावला. एक पूर्णांक तीन ओहम. सरांचं गणित एकचं होतं. ते तसेच मीटरकडे बघत राहिले, मग म्हणाले, "मीटरच्या दोन्ही वायरी एकमेकींना टेकव बघू." टेकवल्यावर पडद्यावर शून्य यायला हवं होतं. आलं शून्य पूर्णांक तीन.

"हा तुझ्या वायरींचा रोध. तो वजा कर."

वाल्मीकने वजा केला. बरोब्बर एक. "च्यायला," तो म्हणाला, आणि मग जीभ चावून, "सॉरी मॅडम. वायरीमुळं वाढून दाखवतो ते माहीत होतं, पण मोटरला एवढं बघायला लागत नाय. वजा करायचं कधी सुचलं नाय."

पुढचं काम दोघांनी मिळून केलं. कॉइल दोन स्क्रूंखाली बसवायची, तिचा एकही वेढा खालच्या पत्र्याला टेकू द्यायचा नाही, आणि आधी रोध बघायचा, मगच बॅटरी. हे वाल्मीकने तीनदा बजावलं. "बॅटरीशी मस्करी नाय. आकडा हलत आसला तर खोला." मग बटण हलकेच दाबून सोडायचं. पहिल्यांदा कॉइल कडेनेच लाल झाली. त्याने चिमट्याने वेढे अलगद जुळवले. दोन-तीनदा तसं केल्यावर लाली मधून उमटली आणि दोन्ही कडांकडे सरकत गेली. भर दुपारी, त्या काळपट दुकानात, ती एवढीशी कॉइल फार सुरेख दिसत होती. हे मला कबूल करायचं नव्हतं, पण दिसत होती.

राहिला कापूस. तो कॉइलच्या पोटातून ओवायचा. सरांनी घट्ट पीळ देऊन ओवला, द्रावण घातलं, एक झुरका घेतला आणि खोकत बाजूला झाले. जळका वास.

आता मात्र मला राहवेना. "अहो, एवढी घट्ट वळलीत तर तेल चढणार कुठून? निरंजनातली वात कधी बघितली नाहीत का?" चाळीस वर्षं मी फुलवाती आणि तेलवाती वळते आहे. वात सैल असली तर भसाभसा तेल ओढते, घट्ट असली तर नुसती जळते. मी कापसाचा पातळ पदर घेतला, तळहातावर एकदाच फिरवला, आणि कॉइलमधून ओढला. जरा अडखळत, पण सरकत गेला. टोकं फुलवून ठेवली. सरांनी थोडा वेळ द्रावण मुरू दिलं आणि ओढलं. खोकला नाही.

दोघं माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, "मला हे यंत्र अजिबात पटलेलं नाही. वातीचं बोलतेय मी फक्त."

तेव्हापासून दर दुसऱ्या रविवारी सकाळी आमच्या टेबलावर कॉइल बनायची. वेढे त्यांचे, वात माझी. एप्रिलमध्ये बाराचं सहा झालं. जुलैत सहाचं तीन. बोटांची थरथर कमी झाली, ती सिगरेट सुटल्याने की सरावाने ते डॉक्टरांनाही सांगता आलं नाही. आणि मधेच कधीतरी सर एकटेच वाल्मीककडे जायला लागले. मी विचारलं तर म्हणाले, "त्याला वायरमनच्या परवान्याची परीक्षा द्यायचीय. थिअरीची भीती वाटते म्हणतो. मी त्याला एकदा नापास केलंय, आता पास करतो."

सप्टेंबरात बातमी आली. सरकारने देशभर अशा यंत्रांची विक्री, आयात, साठवण, सगळं बंद केलं. दिवाळीला अजून महिना होता. टाकी अर्धी भरलेली होती, कपाटात एक बाटली होती. शौनक फोनवर म्हणाला, "बाबा, आहे ते संपवा की. तुम्हाला कोण विचारायला येणार आहे?"

सर म्हणाले, "पस्तीस वर्षं पोरांना नियम पाळा म्हणून सांगितलं. आणि तसाही मला शेवट करायचाच होता. महिनाभर आधी झाला." बाटली त्यांनी मोरीत ओतली, यंत्र आणि बॅटरी जुन्या बॅटऱ्या गोळा करणाऱ्यांकडे देऊन आले.

पहिले पंधरा दिवस कठीण गेले. चिडचिड, झोप नाही, वरणात मीठ कमी म्हणून ताट सारलं. नवव्या दिवशी ते संध्याकाळी घरी आले आणि दारातच म्हणाले, "सुमेधा, दोन झुरके ओढले. टपरीवर. तिसरा घ्यायला गेलो तर खोकल्याने डोळ्यांत पाणी आलं. टाकून दिली."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्वतः ॲक्टिव्हावर त्यांना पेठ नाक्यावर सोडलं आणि वाल्मीकला सांगितलं, "यांना काहीतरी काम दे. हात रिकामे ठेवू नकोस."

त्याने टेबलफॅनचा जळका स्टेटर, म्हणजे मोटरमधला तारेच्या वेढ्यांचा न फिरणारा भाग, समोर ठेवला. "सर, जुनी तार काढा, वेढे मोजा, तेवढेच नवे घाला. चुकलं तर मी हाय." त्या दिवशी सरांनी किती वेढे घातले ते त्यांनी मला रात्रीच्या जेवणात सांगितलं, आणि ताट पूर्ण संपवलं. मग रोज सकाळ तिकडे. अकरापर्यंत सर शिकायचे, अकरानंतर वाल्मीक. गिऱ्हाइकं बघायची: मालक वहीत आकृत्या काढतोय आणि म्हातारा मोटर भरतोय.

करोनाने दोन वर्षं खाल्ली. त्यानंतरच्या पहिल्या परीक्षेत वाल्मीक लेखीत चार गुणांनी गेला. त्याच्यापेक्षा सरच जास्त संतापले.

"पेपर तुम्ही काढाया पायजे होता सर."

"मी काढला असता तर तुला परत एकतीसच मिळाले असते. फॉर्म भर."

दुसऱ्या वेळी तो पास झाला. आमच्याकडे पेढे घेऊन आला, सोबत त्याची आई अक्काबाई. दोन मजले चढून आल्यामुळे त्या दमल्या होत्या. सर त्यांना पाणी द्यायला उठले तेव्हा त्या म्हणाल्या, "तुमी बसा जी. माझ्या पोराला लेकावानी धरलं तुमी." सर म्हणाले, "मी त्याला उशिरा धरलं, आई. दहावीतच धरायला हवं होतं." हे त्यांनी वाल्मीकसमोर पहिल्यांदाच म्हटलं. वाल्मीकने पेढ्याच्या खोक्याची दोरी पुन्हा बांधली, पुन्हा सोडली.

डॉक्टर दर वर्षी तो फुंकायचा कागद काढतात. २०१८चा आकडा आणि यंदाचा आकडा जवळजवळ तोच आहे. या वयात तेवढाच राहणं हीच मोठी गोष्ट, असं ते म्हणतात. सर जिन्यात अजून थांबतात, पण आता मोबाइल काढत नाहीत.

गेल्या जानेवारीत वाल्मीकला पिंपळगाव बसवंतला एका द्राक्षांच्या पॅकहाउसमधल्या वायरिंगचं पहिलं मोठं काम मिळालं. सुरू करायच्या दिवशी आम्हा दोघांना गाडी पाठवली. बायका टेबलांशी उभ्या राहून द्राक्षाचे घड कातरीने साफ करत होत्या, बाहेर टेम्पो लागलेले. वाल्मीकने सरांना पॅनेलपाशी नेलं. "सर, स्टार्टर तुम्ही दाबा."

"परवाना तुझा आहे. तू दाब."

"आवो दाबा ना सर."

"वाल्मीक, मी आधी आकडे बघतो, मग तू दाब." आणि त्यांनी खरंच प्रत्येक फेजवर मीटर लावला, खिशातल्या कागदावर टिपलं, मान डोलावली. वाल्मीकने हिरवं बटण दाबलं. पट्टा हलला, वरचे पंखे फिरायला लागले, बायकांनी टाळ्या वाजवल्या. एकीने माझ्या हातात द्राक्षांचा घड दिला. मी एक द्राक्ष खाल्लं, थंड आणि गोड, आणि उरलेला घड घेऊन त्या दोघांकडे गेले. ते दोघं पॅनेलसमोर उभे राहून, पट्टा सुरू झाल्यावर तिसऱ्या फेजचा आकडा जरासा का उतरला, यावरून भांडत होते.