हळदी रंगाची गाडी आणि काठोकाठ पेला

आता जे सांगणार आहे त्यावर तुमचा विश्वास बसणार नाही. बसू नये अशीच गोष्ट आहे. माझाच बसायला दीड वर्ष लागलं, आणि मी तर त्या गाडीत बसलो होतो.

मी लिफ्टचा मेकॅनिक. एकतीस वर्षं माणसं वर-खाली केली, एकालाही अधांतरी ठेवलं नाही. लिफ्ट दुरुस्त झाली की आत काठोकाठ भरलेला पाण्याचा पेला ठेवायचा, तिला गच्चीपर्यंत न्यायची, खाली आणायची. थेंब सांडला नाही तर पास. एकदा चौदा मजल्यांच्या इमारतीत पेला लिफ्टमध्येच विसरलो. तीन वर्षांनी गेलो तर पाणी तेवढंच, वर एक डास शांत झोपलेला. तेव्हापासून आमच्या घरात वॉशिंग मशीन असो की बाळाचा पाळणा, पास-नापास माझ्या पेल्यावरच ठरतं.

माझी पुतणी चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवते. दिवसभर केसाएवढी चूक चालत नाही, त्यामुळे तिच्या चेहऱ्यावरची रेषसुद्धा इकडची तिकडे होत नसे. सहा वर्षं पैसे साठवून तिला एकच गोष्ट हवी होती: स्वतःची गाडी. "काका, पळायला चपळ हवी. वळणावर आपोआप हसू आलं पाहिजे."

पैसे बेताचे. त्यातही निम्मे वहिनींचे, म्हणजे तिच्या आईचे, म्हणून शेवटचा शब्द त्यांचा. वहिनींना गाडीत मळमळतं. त्यांनी एका वाक्यात निकाल लावला: "भावोजींचा पेला सांडला नाही तरच गाडी. नाहीतर माझे पैसे नव्या ओट्याला."

झालं. पोरीची सहा वर्षं माझ्या पेल्यात येऊन बसली.

सुटीच्या दिवशी आम्ही जुन्या गाड्या बघायला निघालो. पहिली एका जिम ट्रेनरची. काळी कुळकुळीत, टर्बो इंजिन, मागे एवढा मोठा पंख की आठवड्याचे कपडे वाळत घालावेत. किंमत ऐकून पुतणीचे डोळे चमकले. मी चाकापाशी उकिडवा बसलो. टायर इतके गुळगुळीत, की मी त्यात बघून भांग पाडला.

"ब्रेक कसे आहेत?"

"ब्रेक कशाला काका? पळवायलाच घेताय ना?"

मी पुतणीला बाजूला ओढलं. "गाडी स्वस्त आहे बये, पण तिचं खाणं महाग आहे. चार टायर, ब्रेक, विमा यांतच तू आडवी होशील. चल."

पेला पिशवीतून काढावाच लागला नाही.

दुसरी एका बँकेतल्या बाईंची. पांढरी, उंच, चाकं लावलेलं कपाट. पेला डॅशबोर्डवर ठेवला. गतिरोधक आला, वळण आलं, खड्डा आला. आपण निघालोय हे पाण्याला कळलंच नाही. "पास!" मी ओरडलो. "शंभरपैकी शंभर!"

"हो, छान आहे," पुतणी म्हणाली. दाताच्या डॉक्टरपुढे माणूस 'दुखत नाही' म्हणतो, तशी.

"मग तोंड का पाडलंस? हसू नाही आलं?"

"काका, लिफ्टमध्ये कोणी हसतं का?"

एकतीस वर्षांत मला हे कोणी विचारलं नव्हतं. मी आठवून बघितलं. माणसं छताकडे बघतात, बुटांकडे बघतात, आकडे मोजतात. हसताना एकही नाही. आयुष्यभर मी माणसांना न हसवता पोचवत होतो, आणि आज पुतणीसाठीही बिनदोरीची लिफ्टच पसंत करून बसलो होतो.

तिसरी गाडी एका निवृत्त संगीतशिक्षिकेची. छोटीशी, हळदी रंगाची, डाव्या दाराला पोचा. इंजिन लहान, गिअर हाताने टाकायचे, टायर नवेकोरे, सर्व्हिसच्या पावत्या तारखेवार फाइलमध्ये. वजनाला इतकी हलकी, की बाईंनी ती दोन बोटांनी उचलून रस्त्याकडे तोंड करून ठेवली.

"ताकद कमी दिसते," मी नाक मुरडलं.

"ताकद कुठे दाखवणार आहात या गल्ल्यांतून?" बाई म्हणाल्या. "वळवून बघा. आणि शेवटचा शब्द आईंचा म्हणताय, तर त्यांना दाखवायला घेऊन जा खुशाल. पावत्या सोबत न्या."

मी पेला काठोकाठ भरून पुढे ठेवला. गोल चौक आला. पुतणीने गिअर खाली टाकला, स्टीअरिंग वळवलं, आणि गाडी मांजरासारखी अंग चोरून वळली. हॉर्न वाजवला तो मागे राहिला. आम्ही पुढच्या सिग्नलला थांबलो तेव्हा ऐकू आला. आमची सावली धापा टाकत मागून पोचली. गंमत म्हणजे काटा चाळीसच्या पुढे गेलाच नव्हता!

आणि पोरगी हसली. मोजूनमापून नाही, पोट धरून. डोळ्यांतून पाणी येईस्तोवर. तिने परत त्याच चौकाला फेरी मारली, परत हसली.

घरी पार्किंगमध्ये वहिनी कमरेवर हात ठेवून उभ्या. "सांडलं?"

पुतणीचं हसू जागच्या जागी गोठलं. तिने माझ्याकडे बघितलं. मी पावत्यांची फाइल पोटाशी धरून उतरलो.

"वहिनी, काय सांगू! चौकात गाडी वळली तसं पेल्यातलं पाणी उठलं. अख्खं, पेल्याच्याच आकाराचं. उघड्या खिडकीतून बाहेर जाऊन हवेत उभं राहिलं. आम्ही चौकाला पूर्ण फेरी मारून परत तिथे आलो, तर ते आमची वाटच बघत होतं. खिडकीतून आत आलं, गपकन पेल्यात बसलं. एक थेंब इकडे नाही की तिकडे नाही!"

"अस्सं," वहिनी म्हणाल्या. "भावोजी, ती फाइल जरा बाजूला करा बघू."

मी केली.

"थेंब सांडला नाही, तर पँट पुढून चिंब कशी? धडधडीत खोटं बोलताय! आणि ही पोरगी रस्त्याच्या टोकापासून खिदळत आली ती मी ऐकली नाही होय? सरका, पुढे मी बसणार. तो पेला घरात ठेवून या आधी."