हातगुण

डॉ. ऋतुजाच्या दवाखान्यात काविळीचा रोगी यायचा तो उशिराच. आधी होटगीच्या संगप्पाकडे जायचा, त्याच्या हातचा पाला खायचा आणि पोटात पाणी झालं की हिच्या पायरीवर येऊन बसायचा. बऱ्याचशा काविळी आपोआप उतरतात, त्यांचं श्रेय पाल्याला. उरलेल्यांचं खापर ऋतुजाच्या माथी. गेल्या महिन्यात एक बाळंतीण अशीच गेली. तेव्हापासून संगप्पाचं नाव काढलं की ऋतुजाच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

आणि एके सकाळी डोळे पिवळेधमक करून संगप्पाच दारात उभा.

ती त्याच्यावर तुटून पडली. "आधी सांगा, लोकांना काय चारता?"

"नाव सांगितलं की गुण जातो, बाई."

"जाऊ दे एकदाचा!"

त्यानं कानाशी येऊन नाव सांगितलं. भुईआवळा! दवाखान्यामागं गटाराकडेला माजलेला. त्यातलं फिलँथिन हे द्रव्य ती परीक्षेपुरतं शिकली होती. तीन पिढ्यांचं गुपित म्हणे! रक्त तपासून, पथ्य सांगून तिनं त्याला घरी पाठवलं आणि आपण जिंकलो म्हणून दुपारी चार घास जास्तच जेवली.

त्याच आठवड्यात दवाखान्यासमोर होटगीकरांची रांग लागली. पुढे राजाबाई, सुनेला धरून.

"संगप्पा म्हनला, गुण आता बाईंच्या हातात गेलाय. तुमच्या हातनं पाला द्या की."

"अहो, त्यात गुपित कसलं? तो साधा भुई..."

राजाबाईनं कानांवर हात ठेवले. मागून ओरडा झाला, "नाव घेऊ नगा, बाई! मग आमाला कोन देनार?"

रांगेच्या शेवटी संगप्पा दिसला. ऋतुजा तरातरा त्याच्याकडे गेली. "हे काय लावलंय?"

"आपल्या हातचं आपल्याला लागू पडत न्हाय. पोरगं चिंचोळीला कंपनीत, त्येला ह्याची लाज वाटती. कुनाला तरी द्यायाच पायजे हुतं. तुमी लई वरडला, तवा वाटलं, हिला लोकांची काळजी हाय." आणि त्यानं पाल्यासाठी हात पसरला.

ऋतुजा रांगेकडे वळली.

"आधी सगळ्यांनी रक्त तपासायला द्यायचं," ती म्हणाली. "त्याशिवाय माझा गुण चालत नाही."

इतकी वर्षं तिनं घसा फोडून सांगितलं, तेव्हा कुणी ऐकलं नव्हतं. आज रांगेनं निमूट हात पुढे केले. राजाबाईच्या सुनेचा रिपोर्ट वाईट आला, पण वेळेत आला. तिला लगेच मोठ्या दवाखान्यात हलवलं.

बाकीच्यांसाठी पाला निवडता निवडता नर्स बुद्धप्रियानं विचारलं, "मॅडम, हे झाड कसलं?"

ऋतुजानं तोंड उघडलं. रांगेतले सगळे तिच्याकडे बघत होते.

"औषधी आहे," ती म्हणाली आणि पुढच्या माणसाच्या हातावर पाला ठेवला.